मावशींची पेन्सिल

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. टँकर जायच्या गावांची यादी टाईप करून मी अहमदपूरच्या स्टँडवर एसटीत बसलो होतो. यादीत एकही खाडाखोड नव्हती, त्याचा मला भारी गर्व.

शेजारी एक मावशी होत्या. मांडीवर विणकामाचं पिवळं पडलेलं जुनं पुस्तक आणि चौकटीची वही. जाळीच्या स्कार्फची एकेक ओळ त्या वहीत उतरवत होत्या. भोकाला गोल, दोन टाके एकत्र घ्यायचे तिथं तिरकी रेघ. ओळ झाली की पेन्सिल अंबाड्यात खोचून बोटानं चौकटी मोजायच्या.

एका ओळीला टाके जुळेनात. पुन्हा मोजलं आणि एक गोल वाढवला.

"पुस्तकात तर नाही तो," मी म्हणालो.

"छापलंय म्हणून बरोबर असतंय व्हय, भाऊ? मोजून बघावं लागतंय."

मी माझी यादी काढली आणि हातानं लिहिलेल्या मूळ कागदाशी ताडून पाहू लागलो. एक वाडी माझ्याच हातून गळाली होती.

मी खिसे चाचपू लागलो, तशी मावशींनी अंबाड्यातली पेन्सिल पुढं केली.

"लिवा. दोन ओळींच्या मधी जागा हाय की."