कोपरची चावी आणि जोशीकाकूंचं पातेलं

इस्टेट एजंटच्या ऑफिसात दोन गोष्टी न सांगता साठतात. ड्रॉवरभर बेवारशी चाव्या आणि डोकंभर किस्से. चाव्या कुठल्या कुलपाच्या ते आता देवालाही आठवत नसेल. किस्से मात्र एकूण एक आठवतात, आणि एक सांगायला घेतला की मागून बाकीचे धक्काबुक्की करत येतात!

डोंबिवली पश्चिमेला आमचं ऑफिस. दोन टेबलं आणि तीन माणसं. मालक म्हणजे भाऊ, इथले मूळचे गाववाले. दुसरी सुषमा, अॅग्रीमेंटची कागदपत्रं बघते, रोज लांबच्या खडवलीहून येते. आणि तिसरी मी, गिऱ्हाईकांना जिने चढवणारी.

भाऊंची एक थिअरी होती. "वर नवीन घर बांधला की खाली जुना घर स्वस्त होतो. मोठ्या भावाला नवीन पँट शिवली की जुनी धाकट्याला मिळते ना? घरांचा पण तसाच हाय!"

सुषमा मान वर न करता म्हणाली, "भाऊ, आमच्याकडे मोठा भाऊ जुनी पँटपण सोडायचा नाही!"

तिचं हसू तोंडदेखलं होतं. वर्षानुवर्षं ती शेजारच्या कोपरला एक जुना वन बीएचके शोधत होती. इतरांच्या घरांची कागदपत्रं करायची आणि संध्याकाळी परत खडवलीच्या भाड्याच्या खोलीत. रोज सकाळी पर्स ठेवता ठेवता विचारायची, "काय भाऊ, पँट आली का?"

\* \* \*

पँट कशी येणार? कोपरला एक काका होते, त्यांच्या खिडकीसमोर टॉवरचं होर्डिंग लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऑफिसात हजर.

"माझ्या फ्लॅटचा भाव वाढवा. समोर स्विमिंग पूल होतोय."

मी म्हटलं, "काका, पूल त्यांचा आहे. तुमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं!"

"येऊ दे की! बघायला तर मिळणार ना? पूल फेसिंग लिहा!"

आणि आम्ही लिहिलं हो! सुषमानेच टाइप केलं, कीबोर्ड बडवत.

\* \* \*

दुसऱ्या एका बिल्डिंगमध्ये बेडरूमचं छत गळत होतं. खाली बादली, बादलीत मग. गिऱ्हाईक घाबरून मागे सरकलं, तर मालकीणबाई एकदम खूश!

"अहो, गळतंय म्हणून तर भाव आहे! अजून दोन पावसाळे गळलं की रिडेव्हलपमेंट नक्की!"

एवढ्यात वरून पोपडा पडला, थेट गिऱ्हाइकाच्या खांद्यावर. बाईंनी तो हलकेच झटकला आणि म्हणाल्या, "बघा, शुभशकुन!"

\* \* \*

पण मग काय झालं, आजूबाजूला बिल्डिंगा उठायला लागल्या. एक झाली, दुसरी झाली, तिसऱ्याचं पझेशन आलं. घरं जास्त आणि माणसं कमी असे दिवस आले. आणि मग आमच्या देसाईसाहेबांची गंमत झाली.

देसाईसाहेब म्हणजे भाडेकरूंची मुलाखत घेणारे घरमालक. पाहुणे किती येतात, भिंतीला खिळे ठोकता का, मिक्सर कितीला लावता, सगळं विचारायचे. मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

त्या वर्षी एक तरुण जोडपं आलं. साहेबांनी घसा खाकरला, तेवढ्यात मुलीनेच सुरुवात केली. "अंकल, तुम्ही चेकिंगला किती वेळा येता? खिळ्यांवरून कटकट करता का? आधीचा भाडेकरू का सोडून गेला?"

साहेबांना घाम फुटला. चक्क उत्तरं द्यायला लागले! शेवटी मुलगी उठली आणि म्हणाली, "छान वाटलं बोलून. अजून दोन घरमालक बघायचेत. कळवतो हं तुम्हाला!"

आठवडाभर साहेब रोज फोन करून मला विचारत होते, "माझं काय झालं हो?"

\* \* \*

याच सुमारास आमच्या ओळखीच्या जोशीकाका-काकूंच्या मुलाने ठाण्याला, बाळकुमच्या टॉवरमध्ये घर घ्यायचं ठरवलं. भाऊ सगळ्यांना सॅम्पल फ्लॅट दाखवायला घेऊन गेले. तिथला टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लॅस्टिकची. बेडरूम मोठी दिसावी म्हणून पलंगसुद्धा आखूड! काका त्यावर आडवे झाले, तर पाय पार बाहेर.

"अहो, पाय कुठे ठेवू?"

सेल्सचा मुलगा हसून म्हणाला, "सर, बाल्कनी आहे ना!"

पण घर आवडलं, घेतलं. मग जोशींचं डोंबिवलीतलं टू बीएचके कोपरच्या प्रधानांनी घेतलं. आणि प्रधानांचा कोपरचा जुना वन बीएचके? सुरुवातीला प्रधान हट्टाला पेटले होते. पण आजूबाजूला एवढी घरं रिकामी असताना गिऱ्हाईक फिरकेना, आणि इकडे जोशींना पैसे द्यायची वेळ आली. मग उतरले खाली. सुषमाला जेमतेम झेपेल इतके खाली.

भाऊ टेबलावर हात आपटून ओरडले, "सुषमे, पँट आली!" सुषमा आधी हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली.

\* \* \*

आता दसऱ्याची सकाळ ऐका. तिन्ही घरांना मुहूर्त एकच हवा होता. आणि तो आम्ही दिला, शहाण्यासारखा! सुषमाने खडवलीची खोली सोडलेली, तिथे नवा भाडेकरू येऊनही बसलेला. नवरा, मुलगी आणि भरलेला टेम्पो कोपरला प्रधानांच्या दारात. आत रिकाम्या घरात प्रधानकाका, जोशींचं घर हातात येईपर्यंत चावी खिशात घालून, उरलेल्या एकाच खुर्चीवर बसलेले. प्रधानकाकू दुसरा टेम्पो घेऊन जोशींच्या जुन्या दारात, आणि त्या दाराची चावी माझ्या मुठीत.

ती मी का देत नव्हते? तर जोशीकाकूंनी शपथ घातली होती. "नीला, बाळकुमला माझं दूध उतू गेल्याशिवाय ही चावी द्यायची नाही. आधी तिकडे घर लागू दे, मग इकडचं सोडायचं."

बाळकुमहून भाऊंचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पडलेला. "ताई, लफडा झालाय. पाइपचा गॅस अजून चालू नाय. बिल्डरने दिलाय इंडक्शन. आणि काकूंनी आणलाय सासूबाईंचा पितळी पातेला!"

मागे पितळ न ओळखता इंडक्शन टूं टूं करत होतं. दूध थंडगार. सिलिंडर वर न्यायला वॉचमन सोडेना.

"काकू, स्टीलच्या टोपात तापवू," भाऊ म्हणाले.

"काही नको! आमची सगळी घरं याच पातेल्यात लागली!"

प्रधानकाकूंनी माझ्या मुठीकडे बघितलं. टेम्पोवाला म्हणाला, "ओ मॅडम, अजून दोन भाडी आहेत मला, सामान उतरवून जाऊ का रस्त्यावर?" मी सुषमालाही कॉलवर घेतलं. तिच्या मागेही टेम्पोवाला हेच बोंबलत होता.

सुषमाने सगळं ऐकलं. मग ती म्हणाली, "काकू, तुम्ही सुटलात की प्रधान सुटणार, ते सुटले की मी. आज रात्री पोरीला कुठे झोपवू ते मला माहीत नाही. माळ एकच आहे ना आपली? मग दूध या टोकाला उतू गेलं तर नाही चालणार?"

बाळकुमहून नुसतं टूं टूं.

"काका, सामान आणत नाही, फक्त शेगडी," सुषमा प्रधानकाकांना म्हणाली. काका खुर्चीसकट बाजूला सरकले. टेम्पोतून शेगडी आली, सिलिंडर आला, कोपरच्या जुन्या ओट्यावर अॅल्युमिनियमचा टोप चढला, नवऱ्याने फोन समोर धरला.

तिकडे जोशीकाकूंनी भाऊंच्या हातातून फोन काढून घेतला. इंडक्शनचं बटण बंद केलं. पातेल्यातलं दूध बाजूला ओतलं, पातेलं पदराने आतून कोरडं केलं आणि कोपरचा टोप दिसत असलेला फोन त्यात उभा ठेवला. वरून हळदकुंकू वाहिलं. आम्हाला स्क्रीनवर फक्त पितळ, काकूंची दोन बोटं आणि कुंकू दिसत होतं.

कोपरला दूध वर आलं, फुगलं आणि भस्सकन उतू गेलं. ओट्यावरून खाली, फरशीवर. सुषमा नुसती बघत उभी, डोळ्यांतून धारा, गॅस बंद करायचं भान नाही.

पातेल्यातून काकूंचा आवाज घुमला, "अगं बंद कर आता, सुषमा! तिन्ही घरांचं झालं!"