देवळातल्या डाळिंबांच्या साली

नेसरीच्या पुढं, माळाच्या कडेला चनबसाप्पाची शेड होती. लिंगायताच्या घरात जन्मलेला माणूस, गळ्यात लिंग, सात पिढ्यांत कुणी मटणाचा वास घेतलेला नाही, आणि हा बाबा ब्रॉयलर कोंबड्या पाळतो, याचं भावकीला भारी दुखणं. लग्नात तो पंगतीला बसला की शेजारचा जरा लांब सरकायचा. मग चनबसाप्पा मुद्दाम त्याच्या अंगाला लागून बसायचा. वाटेनं जाणाऱ्या कुणी विचारलं, "पावणं, कोंबडी चवीला कशी हाय तुमची?" तर हा म्हणायचा, "मला काय ठावं? कोंबडीलाच इचारा की!" अंडंसुद्धा त्यानं कधी तोंडात घातलं नव्हतं. बायको गंगव्वा त्याला आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही, आणि ते त्याला रास्तच वाटायचं.

शेड त्याची, राबणं त्याचं. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. पिवळ्या कापसासारखी पिल्लं गाडीतून यायची, सव्वा-दीड महिन्यात तयार होऊन गाडीतूनच जायची. कंपनीच्या खाद्याखेरीज पिल्लांच्या तोंडात दुसरं काही घालायचं नाही, अशी करारात अट होती. चनबसाप्पानं ती मोडली होती, आणि तीही बायकोच्या सांगण्यावरून.

काही वर्षांमागं एका बॅचला हगवण लागली. औषध पाण्यात घालून घालून तो थकला. शेडच्या दारात नाकाला पदर लावून उभी राहिलेली गंगव्वा म्हणाली, "लेकरास्नी लागली की आपन डाळिंबाची साल उगाळून देताव न्हवं? ह्यांचं पोट काय लोखंडाचं हाय व्हय?" कोंबडीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करणारी बाई, पण तडफडणारं पिल्लू तिला बघवलं नाही. चनबसाप्पानं गडहिंग्लजला जाऊन ज्यूसच्या गाड्यावरच्या गुंडूकडून पोतंभर साली आणल्या. स्लॅबवर कडक वाळवल्या, मिरची कांडपात दळून आणल्या आणि भुकटी खाद्यात मिसळली. हगवण थांबली. सालीनं थांबली की आपोआप, ते शास्त्रवाल्यांनी सांगावं. चनबसाप्पाच्या मनात त्याबद्दल शंका नव्हती. तिथून पुढं तो प्रत्येक बॅचला भुकटी घालू लागला. औषधाच्या बाटल्या तशाच पडून राहू लागल्या, आणि त्याच्या शेडमधली पिल्लांची मर शेजारच्या हंबीररावाच्या शेडपेक्षा कायम कमी राहिली.

साल पारखण्यात मात्र त्याच्याइतका किचकट माणूस पंचक्रोशीत नव्हता. एक काळा ठिपका दिसला की साल उकिरड्यावर. वाळलेली साल मोडताना कटकन आवाज आला नाही तर तीही उकिरड्यावर. गुंडू वैतागायचा, "आप्पा, पोरगी बघाय आलायसा का साल न्ह्यायला?"

कंपनीचा सुपरवायझर ऋतुराज हे सगळं जाणून होता. पोरगा चांगला होता. भुकटीचा डबा दिसला की तोंड फिरवून म्हणायचा, "मामा, मी काय बघितलं न्हाय हां." चनबसाप्पाला हेच डाचायचं. त्याला वाटायचं, बघ की बाबा! डोळे उघडून बघ. कंपनीच्या माणसानं एकदा शेडमध्ये उभं राहून चारचौघांत म्हणावं, चनबसाप्पा, तुझी साल खरी. भावकीनं पंगतीत वाळीत टाकलेल्या माणसाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती. त्यानं पुन्हा पुन्हा गळ घातल्यावर शेवटी ऋतुराज पाघळला. म्हणाला, "श्रावणातली बॅच नीट काढा, मामा. मर कमी आली तर कंपनीच्या डॉक्टरसाहेबांना हितं घिऊन येतो. त्यांनीच बघू दे."

चनबसाप्पाला आभाळ ठेंगणं झालं. पण त्या वर्षी वळवाच्या पावसानं सगळा वैशाख खाल्ला होता, साली पुरेशा वाळल्याच नव्हत्या. त्यात श्रावण लागला, लोकांनी चिकन सोडलं, आणि कंपनी तयार कोंबड्या उचलायला येईना. कोंबड्या खात राहिल्या, डबा तळाला गेला.

दर सोमवारी गंगव्वा बसवाण्णाच्या देवळात सेवेला जायची. देवापुढं मांडलेली डाळिंबं पंचामृतासाठी सोलायचं काम बायकांकडं असायचं. चनबसाप्पा तिला म्हणाला, "त्या साली आन."

"खुळं लागलं काय तुमास्नी? देवाफुडचं हाय त्ये. नदीत सोडत्यात."

"नदीत मासं खात्यात. मासं काय सोवळ्यातलं हायत?"

दोन सोमवार ती ओटीभर साली घेऊन आली, पण नवऱ्याच्या हातात देताना त्याच्याकडं बघायची नाही. ऊन नव्हतंच. चनबसाप्पानं साली चुलीच्या वर टांगल्या, दिव्याखाली पसरल्या. चारेक दिवसांत घड्यांमधून पांढरी लव दिसू लागली. गुंडूच्या साली असत्या तर त्यानं मागंपुढं न बघता उकिरड्यावर फेकल्या असत्या. पण देवापुढून आलेली वस्तू उकिरड्यावर कशी टाकायची? आणि नदीत सोडावी तर बायकोला आपणच माशांवरून टोमणा मारलेला. गंगव्वा म्हणाली, "अवो, वास येतोय ह्याला."

"देवाफुडनं आलेलं नासत न्हाय," तो म्हणाला, आणि फडक्यानं एकेक साल पुसून कांडपात घेऊन गेला. इतक्या वर्षांची पारख असलेल्या माणसाची अक्कल इथं पेंड खायला गेली. राग येतो त्याचा, पण हेही खरं, की त्या घटकेला तो मनापासून तसंच मानत होता.

आठवडाभरानं कोंबड्या पंख पाडून बसू लागल्या. खाणं सुटलं. मग कोपऱ्याकोपऱ्यात पडू लागल्या. एका कोपऱ्यातल्या उचलाव्यात तर दुसऱ्या कोपऱ्यात तेवढ्याच. ज्या डॉक्टरसाहेबांची वाट बघितली होती, ते आले ते असे. त्यांनी तिथंच कोंबडी फाडली. चनबसाप्पानं कोंबडीचं आतलं कधी बघितलं नव्हतं, त्यानं मान फिरवली. यकृत पिवळं पडलं होतं, बोटानं दाबलं की फुटत होतं.

"काय घातलं होतं खाद्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांच्या पाठीमागून ऋतुराज जीव तोडून मान हलवत होता, काही बोलू नका म्हणून. चनबसाप्पानं डबा आणून पुढं ठेवला. लपवण्यासारखं त्याच्या हातून काही झालंय असं त्याला अजून वाटतच नव्हतं.

डॉक्टरांनी वास घेतला. "बुरशी आहे. हिचं विष चढलं त्यांना," एवढंच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. उरलेल्या कोंबड्या कंपनीनं उचलल्या आणि ऋतुराजनं खाली मान घालून सांगितलं, की या शेडला आता पिल्लं मिळणार नाहीत. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात घालून वर चुना टाकायचं काम नवरा-बायकोनं मिळून केलं. गंगव्वानं त्या दिवशी नाकाला पदर लावला नाही.

गावात बुरशीचं नाव कुणी काढलं नाही. देवाचं निर्माल्य कापायच्या कोंबड्यांना चारलं, देवानं दाखवलं, असंच जो तो बोलला. गंगव्वानं देवळात जायचं सोडलं. सोमवारी ती नुसती उंबऱ्यावर बसून राही. "मीच आनून दिलं," एवढंच म्हणे. चनबसाप्पा सुरुवातीला सांगायचा, "अगं, बुरशी हुती ती. ऊन न्हवतं." पुढं पुढं त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि नंतर त्यानंही सांगायचं बंद केलं.

पाऊस उघडल्यावर कडक ऊन पडलं, तेव्हा त्यानं गुंडूच्या साली वाळवून, दळून भुकटीचा एक डबा भरून ठेवला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दिवाळी झाली. पिल्लांची गाडी त्याच्या शेडवरून पुढं हंबीररावाकडं गेली. चनबसाप्पा आता तिथंच रोजानं कामाला जात होता. पूर्वी ज्या बाटल्या पडून राहायच्या, तसल्याच बाटल्यांतलं औषध पाण्यात ओतत होता. थंडी वाढली आणि पिल्लांना हगवण लागली. औषध लागू पडेना, कंपनीचा माणूस उद्या येतो, उद्या येतो म्हणत होता. हंबीररावानं चनबसाप्पाला दुपारी बाजूला घेतलं.

"आप्पा, तुजी भुकटी हाय का रं घरात? मी कंपनीला कळू देत न्हाय. तुज्या पिल्लांस्नी गुण यायचा, मी डोळ्यानं बघितलाय की."

चनबसाप्पानं हातातली औषधाची बाटली खाली ठेवली. "बघून येतो," म्हणाला.

घरी जाऊन त्यानं डबा उघडला. चिमूट घेतली, हुंगली. पुन्हा हुंगली. त्याला वास आला. उजेडात नेऊन बोटांवर पसरली, तरी वास आलाच. त्यानं गंगव्वाला हाक मारली. ती आली, तिनं डबा नाकाजवळ धरला.

"काय वास न्हाय. चांगली हाय की," ती म्हणाली.

"नीट बघ."

"बगितलं. कोरडी ठणठणीत हाय. द्या जावा."

त्यानं आणखी एकदा हुंगलं. तोच वास, पांढऱ्या लवेचा. गंगव्वा खोटं बोलत नव्हती, हे त्याला कळत होतं. तरी त्याचा हात डबा उचलेना. झाकण लावून तो रिकाम्या हातानं परत गेला.

"न्हाय रं," तो हंबीररावाला म्हणाला, "संपली."

चनबसाप्पानं बादली घेतली आणि मेलेली पिल्लं गोळा करायला तो आत गेला.