सुरण फुलला त्या रविवारी

मला बघायला पाहुणे येणार होते, नेमका त्याच सकाळी आमच्या घरात काहीतरी मेल्याचा वास सुटला.

नाहूरला आमची बैठी चाळ होती. दोन खोल्या, मागचं दार आणि दारापासून कुंपणापर्यंत थोडीशी मोकळी जमीन. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून बाबा त्या जमिनीतच रमले होते. गावाहून आणलेले सुरणाचे तुकडे त्यांनी तिथे पुरले होते, प्रत्येक तुकड्याला एक डोळा ठेवून, खाली शेणखत घालून. पावसाळ्यात प्रत्येक कंदातून एकच ठिपक्यांचा दांडा वर यायचा आणि त्यावर छत्रीएवढं पान उघडायचं. दिवाळीनंतर पान पिवळं पडून लोळलं की बाबा खणायला घ्यायचे. कोपऱ्यातला एक कंद मात्र दरवर्षी तसाच सोडायचे. "पोसू दे अजून," म्हणायचे.

त्या सकाळी आईने पहिला आळ घेतला उंदरावर. माळा उपसला, कपाट सरकवलं, कोळशाचं पोतं बाहेर काढलं. उंदीर काही सापडेना. मग तिने फरशीवर फिनेल ओतलं आणि एकदम मूठभर उदबत्त्या लावल्या. आता मेलेला उंदीर, फिनेल आणि मोगरा असे तिन्ही वास एकत्र येऊ लागले.

"वाट लागली," मी म्हटलं.

"तू गप साडी नेस," आई म्हणाली.

पाहुणे घाटकोपरहून आले. मुलगा, त्याची आई आणि एक काका. काकांनी आल्या आल्या रुमाल नाकाला लावला तो खाली घेतलाच नाही. मुलगा पोह्यांच्या बशीत मान घालून बसला. बाबा उन्हाळ्याबद्दल बोलत राहिले. वासाबद्दल कोणी चकार शब्द काढेना, आणि मला शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, हेही कोणी विचारेना. मी मनात म्हटलं, संपलं, हे काही परत येत नाहीत.

तेवढ्यात मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि आईकडे वळून विचारलं, "मागल्या दारात काय लायलास गो?"

"काही नाही हो. यांचा सुरण आहे," आई ओशाळून म्हणाली.

त्या उठल्याच. सरळ आमच्या स्वयंपाकघरातून मागच्या दाराबाहेर गेल्या आणि तिथून त्यांची हाक आली, "उंदीर नाय गो! सुरण फुललोहा!"

आम्ही सगळे धावलो. कोपऱ्यात, पान यायचं तिथे, जमिनीला टेकून एक भलंमोठं जांभळट फूल उमललं होतं. झालरीसारख्या कडा, मधोमध मेंदूसारखा सुरकुतलेला गोळा, आणि त्यावर माश्यांची ही गर्दी. तीन दिवसांपूर्वी वर आलेलं टोक बाबांनी पानाचा कोंब समजून सोडून दिलं होतं.

"आमच्याकडे फुलायच्या आधीच पोटात जातो," बाबा म्हणाले, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना कुंपणाला धरावं लागलं. "आमच्या परड्यात फुललेलो," त्या सांगू लागल्या. "म्हातारीन आख्खी विहीर उपसून घेतलेली, कुत्रो पडलो म्हणान!" काकांनीही रुमाल काढला, पण लगेच परत लावला.

मोठी माणसं आत चहाला गेली. फुलापाशी आम्ही दोघंच उरलो.

"तुम्हाला वास येतोय?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"मलाही नाही."

मग मात्र आम्हाला हसू आवरेना. नाक धरून, वाकून वाकून हसलो. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय, कसा वाटला?" मी म्हटलं, "हो म्हणा."

लग्न मार्गशीर्षात झालं. त्याच्या थोडं आधी बाबांनी बाकीचे कंद खणले आणि त्यातला सगळ्यात मोठा माझ्याबरोबर घाटकोपरला पाठवला. सासूबाईंनी त्याच दिवशी विळी घेतली. मला हाताला तेल चोळायला लावलं, नाहीतर खाज सुटते. जाड साल काढून गुलाबी काप केले, कोकमाच्या पाण्यात चांगले मुरवले, मग मीठ, मिरचीपूड, हळद लावून रव्यात घोळवले आणि तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजले.

वास मजल्यावर पसरला. समोरच्या गुजराती काकूंनी दार धाडकन लावून घेतलं. त्यांना वाटलं, सुरमई तळतेय. सासूबाईंनी बशी भरून माझ्या हातात दिली. "जा, दी तेंका."

मी दार वाजवलं. "काकू, मासा नाही. सुरण आहे, जमिनीतला."

त्यांनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उंबऱ्यातच एक काप तोंडात टाकला. मग दुसरा. बशी संपेपर्यंत मी तिथेच उभी होते.

"कल फिर बनाएगी ना?" त्यांनी विचारलं.