मोज्यांतला अंगारा

आमच्या घरात देवघर नव्हतं. बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी नाशिकरोड स्टेशनबाहेर बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटायचे. मी त्यांच्या शेजारी उरलेला गठ्ठा सांभाळत उभी राहायची. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. त्यामुळे कुणी ‘अनुभव’ सांगू लागलं की माझा पहिला प्रश्न असायचा, पुरावा काय? आज मी स्वतःच अनुभव सांगायला बसले आहे आणि माझ्याकडे पुरावा नाही. जे घडलं तेवढंच लिहिते.

पाठीवर एक बॅग घेऊन मी एकटी मनिलाला गेले होते. व्हिसाची कटकट नव्हती, हॉस्टेल स्वस्त होतं. बायकांची एक मोठी खोली, एकावर एक खाटा, प्रत्येक खाटेला पडदा. पहिले काही दिवस मी थक्कच होते. कुणाचाही टॉवेल कुठेही वाळतोय, कुणीही कुणाच्या पावाला लोणी लावतंय, आणि आडनाव, लग्न, गाव यांची चौकशी कुणीच करत नाहीये. पत्रकांत वाचलेला, भेदभाव नसलेला समाज तो हाच, असं मला मनापासून वाटलं. माझ्या खालच्या खाटेवर एका बेटावरच्या खेड्यातून आलेली पन्नाशीची बाई होती. आखातात घरकामाला जायच्या कागदपत्रांसाठी ती थांबली होती. सगळ्या तिला नानाय म्हणायच्या, नानाय म्हणजे आई. झोपण्याआधी ती मण्यांची माळ ओढायची आणि मी वरून वाद घालायची. देव आहे तर त्यानं तुझी कागदपत्रं का अडवली, असं मी एकदा विचारलं. ती हसून म्हणाली, “ती ऑफिसनं अडवलीत. तिथं देवाला कोण विचारतंय?”

आठवडा संपत आला असताना खोलीतल्या एका मुलीचा कॅमेरा हरवला. सगळ्यांनी आपापल्या बॅगा खाटेवर उघडायच्या, असं ठरलं. तत्त्व म्हणून मला ते योग्यच वाटलं, म्हणून मी सगळ्यांत आधी बॅग पालथी केली. न वापरलेल्या लोकरी मोज्यांची जोडी घरंगळली आणि तिच्यातून प्लास्टिकची छोटी पुडी पडली. आत राखाडी पूड होती.

काल माझ्या पावाला लोणी लावणारी मुलगी दोन पावलं मागे सरकली. हॉस्टेलच्या मॅनेजरनं विचारलं, हे काय आहे? मी खरं ते सांगितलं, मला माहीत नाही. यापेक्षा वाईट उत्तर त्या क्षणी दुसरं नव्हतं. अमली पदार्थाच्या असल्या पुडीपायी त्या देशात माणूस आयुष्यातून उठतो, हे मी निघण्याआधीच वाचलं होतं. मॅनेजरनं पुडी फाडून पाहिली, नाक मुरडलं आणि पोलिसांना बोलवावं लागेल म्हणत फोन काढला. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारत आलेल्या मला एकही शब्द सुचत नव्हता. आणि मनात, कुणाला ते ठाऊक नाही, पण मी म्हणाले, आता तूच बघ.

तेवढ्यात नानाय दारातून आत आली. ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या काळाचा तो पहिला बुधवार होता. त्या दिवशी चर्चमध्ये भाविकांच्या कपाळावर राखेनं क्रॉस काढतात. तिच्या कपाळावर तो ताजा होता. काय झालं ते तिला कुणीतरी सांगितलं. तिनं पुडी हातात घेतली, वास घेतला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग अंगठ्यानं ती पूड आपल्या क्रॉसखाली लावली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

“राख आहे,” ती मॅनेजरला म्हणाली. “हिच्या आईनं दिलीय. मोज्यांत आईशिवाय कोण लपवतं?”

मॅनेजरनं हळूच फोन खिशात टाकला. कॅमेरा नंतर त्या मुलीच्याच धुवायच्या कपड्यांत सापडला. तिनं माफी मागितली. ती पूड भलतंच काही असती तर, असं मी नानायला विचारलं. ती म्हणाली, ती पहिल्यांदा परदेशी निघाली तेव्हा तिच्या आईनं मोज्यात मेरीमातेचा बिल्ला शिवला होता. मग तू जिभेवर का ठेवलीस? तिनं खांदे उडवले. राख जिभेवर ठेवायची रीत कुठे असते का, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आईला फोन केला. पुडीत काय होतं ते विचारलं. “बाबांना नको सांगू,” ती म्हणाली. “देवळ्याच्या मावशीनं देवीच्या गडावरचा अंगारा आणून दिला होता. तू एकटी चालली, मी काय करू? मला पत्रकं वाटता येत नाय, एवढंच येतं. कपाळाला लाव म्हटलं असतं तर लावला नसता तू. म्हटलं, मोज्यांत ठेवते, पायाला तरी लागल.”

मी विचारलं, अंगारा लावून झाला की काय करतात? थोडा जिभेवर ठेवतात, ती म्हणाली.

दोन दिवसांनी नानायची कागदपत्रं आली. निघताना तिनं काही न बोलता कपाळ माझ्यापुढे केलं. मी तोवर कुणालाही अंगारा लावला नव्हता. पुडीतली चिमूट अंगठ्यानं तिच्या कपाळावर टेकवली.

प्लास्टिक फाटलं होतं, म्हणून उरलेला अंगारा मी पुस्तकात खुणेसाठी ठेवलेल्या कागदात बांधला. नाशिकला परतल्यावर बॅग आवरताना तो बाबांच्या हाती लागला. घडीवर छापलेलं त्यांनी वाचलं. त्यांचंच पत्रक होतं. आई दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला. मी त्यांना सगळं सांगितलं, जिभेपर्यंतचं.

“निदान कागद तरी दुसरा घ्यायचा,” बाबा एवढंच म्हणाले, आणि एक कणही सांडू न देता पुडीची घडी पुन्हा नीट घालून ती आईच्या हातात दिली.

बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी आजही वाटते, पुढेही वाटेन. पण त्या खोलीत माझी सगळी उत्तरं संपली होती आणि तरीही मला कुणीतरी सांभाळलं. ‘तूच बघ’ हे मी कुणाला म्हणाले, हे मला अजून कळलेलं नाही. ज्यानं कुणी ऐकलं, त्याची मी ऋणी आहे. आता प्रवासाला निघताना बॅग मी आईला भरू देते, आणि तिनं मोज्यांत काय ठेवलंय ते उघडून बघत नाही.