आप्पांनी न घेतलेली शपथ

लातूरला सरांच्या घरीच वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता आणि सरांच्या गाडीवर आमचे आप्पा ड्रायव्हर होते. त्या नोकरीमुळं मला क्लासमध्ये फुकट बसायला मिळायचं. डॉक्टर व्हायचं खूळ तेव्हा घराघरात शिरलेलं, परगावची पोरं खोल्या करून राहायची, आणि सरांनी नांदेडलाही शाखा काढली होती. फिजिक्स ते असं शिकवायचे की फळ्यावरून नजर हलू नये. हे मी आजही कबूल करते. माणूस म्हणून विंचू होते, तेही सांगून टाकते.

नांदेडच्या फेऱ्या वाढल्या आणि गाडीचं ॲव्हरेज पडलं. टाकी फुल करून निघावं तर परत येईस्तोवर काटा तळाला. आप्पांनी चाकांतली हवा तपासली, एअर फिल्टर बदलून घेतला, प्लग काढून बघितले तर काजळीनं माखलेले. "सर, सायलेन्सर काळा धूर सोडून राहिलाय, पेट्रोलचा वास लई मारतो. गाडीतच कायतरी हाय. मोठ्या गॅरेजला दाखवा एकदा," असं ते सांगत राहिले. सर म्हणाले, "गाडी पीत नसते रे. माणसं पितात."

एका सकाळी मी क्लासला पोचले तर सरांनी मलाच अंगणात आप्पांसमोर उभं केलं. ओट्यावर सरांच्या बायको होत्या, कुंपणापलीकडं शेजारी. "पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि म्हण, पेट्रोल काढलं नाही. विषय संपला."

आप्पांचा हात काही उठला नाही. भूकंपाच्या आधी गावात बांधावरून भांडण झालं होतं, तेव्हा त्यांनी माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. अगदी खरी शपथ. त्याच साली गणपती विसर्जनाच्या रात्री जमीन हलली आणि भाऊ दगडामातीच्या भिंतीखाली गेला. मी पाळण्यात होते, मला बाहेर काढलं. आप्पांच्या मनात या दोन गोष्टींची गाठ बसली ती कायमची. देव खरं-खोटं बघत न्हाई, कोणाचं डोकं तेवढं बघतो, असं ते आईला सांगायचे.

सरांना हे ठाऊक असतं तरी त्यांनी काही सोडलं नसतं. आमच्याकडं शपथेला मागं सरला तो चोर, मग कुणी पुढचं विचारत नाही. आप्पांची नोकरी गेली, ते मोंढ्यात धान्याची पोती उचलायला लागले. "पोरगी शिकू दे, तिचा काय दोष," असं सर चारचौघांत म्हणाले आणि त्यांचं मन केवढं मोठं, म्हणून वाहवा झाली. वर्गात मात्र ते मला नावानं हाक मारेनासे झाले. "पेट्रोल पंप, उत्तर सांग," म्हणायचे. पोरं खिदळायची. मी दात-ओठ खात उत्तर द्यायची, आणि ते चुकू द्यायची नाही.

मग थर्मिस्टरचा धडा आला, तापला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो तो. सर खुशीत होते. "परवा मी स्वतः गाडी चालवत नांदेडला गेलो, तरी ॲव्हरेज तेच! गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर जोडला. इंजिन चांगलं तापलेलं आणि त्याचा सेन्सर सांगतोय, गार आहे. मग गाडी थंडीतल्या पहाटेसारखं जादा पेट्रोल ओतत बसली. सेन्सर बदलला, गाडी सुतासारखी सरळ. आता सांगा, रेझिस्टन्स वाढलेला दिसत होता की कमी?"

मी उभी राहिले. "वाढलेला. आणि सर, आमचे आप्पा?"

सरांनी खडू खाली ठेवला. "सेन्सर खराब होता हे सिद्ध झालं. चोरी झाली नाही हे कुठं सिद्ध झालं? एका परिणामाला दोन कारणं असू शकतात. लिहून घ्या." पोरांनी खरंच लिहून घेतलं. मग सर म्हणाले, "बोलाव त्याला. आत्ता सगळ्यांसमोर शपथ घेऊ दे, उद्यापासून गाडी त्याची."

मी मोंढ्याकडं पळत सुटले. आप्पा आले ते अंगावरच्या भुशासकट, चपला जिन्याखाली काढून. सरांनी शपथेचं सांगितलं. आप्पांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. मग मीच त्यांचा हात धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "घ्या आप्पा. खरीच तर हाय. घ्या!"

त्यांनी तो चटका बसल्यागत मागं ओढला.

"हाव सर," आप्पा म्हणाले. "मीच काढलं पेट्रोल."

"बघा," सर वर्गाकडं वळून म्हणाले. हशा पिकला. मला त्या क्षणी सरांपेक्षा आप्पांचा राग आला, इतका की त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. मी त्यांच्या मागं जिना उतरले ते भांडायलाच.

खालच्या पायरीवर ते थांबले होते. माझ्या केसांत अडकलेली भुशाची काडी त्यांनी बोटानं अलगद काढली.

"डोकं दुखत न्हाई ना तुझं?"

"माझं डोकं कशाला दुखंल?"

"हात लागला म्हून इचारलं. शपथेचा शब्द न्हाई ना आला माझ्या तोंडातून?"

"न्हाई, आप्पा."

"मग जा वर," ते चपला पायात सरकवत म्हणाले. "लेक्चर बुडंल."