इंजिनाचं लाटणं

आमच्या घरात दोन लाटणी आहेत. एक पोळ्यांचं आणि एक इंजिनाचं. चुकून अदलाबदल झाली की पोळीला ऑइलचा वास येतो, आणि मग मी जे बोलते ते बोलते. शेजारच्या खाला म्हणतात, "बाई, तुम्हारी आवाज तो गौलीगुडे के बस अड्डे तक जाती." जाऊ दे. घरच्या माणसालाच ऐकू जात नाही, तर निदान बस अड्ड्याला तरी जाऊ दे.

इंजिनाचं लाटणंही मुळात माझंच. माहेराहून आलेलं, शिसवीचं, चांगलं लांब. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते नाहीसं झालं. एका रविवारी पुऱ्या करायला घेतल्या, लाटणं शोधत मागच्या शेडमध्ये गेले, तर हे बॉनेट उघडून ओणवे. इंजिन चालू, लाटण्याचं एक टोक त्याला टेकवलेलं, दुसरं कानाशी, डोळे मिटलेले. म्हटलं, "अहो, हा काय चावटपणा?"

"शू! टॅपेट बोलतंय."

टॅपेट म्हणजे इंजिनातला एक पुर्जा, आणि लाकडातून इंजिनाच्या पोटातलं ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. लाटणं काही परत मिळालं नाही. बेगम बाजारातून नवं आणलं आणि पुऱ्या केल्या.

गाडी म्हणजे जीप नव्हे हं. जीप म्हटलेलं ह्यांना मुळीच खपत नाही. जीप अमेरिकेची. ही विलायतेची, दुसरी लढाई संपल्यावर फौजेसाठी घडवलेली. आपल्या सैन्यात चाकरी करून म्हातारी झाली आणि सिकंदराबादच्या लिलावात भंगार म्हणून निघाली. हे जामबागेत कॉलेजात इतिहास शिकवायचे. लिलावात गेले होते पंखा बघायला, आणि आले ते हे हिरवं धूड दोरानं ओढून घेऊन! सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सवत आली गं बाई तुझी." तेव्हापासून गल्लीत तिचं नाव सवत.

सवत एकटी नांदली असती तर मी काही बोलले नसते. पण तिच्यामागून तिचं गणगोत आलं. ट्रेलर आला, फौजी मोटारसायकल आली, तेलाचे डबे, ताडपत्र्या, पानेच पाने. प्रत्येकावर बाणाची खूण, तिकडच्या सरकारी मालाची. ह्या गाड्यांच्या नटांची मापंसुद्धा निराळी. आपल्या दुकानातला पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की नटाचे कोपरे खातो. त्यामुळे शेजाऱ्यांना हे शिडी देतील, छत्री देतील, पण बाणवाला पाना मागितला की ह्यांचा चेहरा पडायचा.

पण खरं सांगू? सुखही तिनंच दिलं. नामपल्लीच्या नुमाइशला, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला, आम्ही दरवर्षी तिच्यातून जायचो. मुलं मागच्या बाकांवर ताडपत्रीखाली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि परतताना सगळ्यांच्या हातांना मिरची भज्यांचं तेल. दुसऱ्या गियरला ती गळा काढते. हे अगदी त्याच पट्टीत "ऊंऽऽ" करायचे. मुलं खिदळायची, मी "रस्त्याकडे बघा" म्हणून ओरडायची. ते ओरडणंही किती सुखाचं होतं, ते आता समजतंय.

आवाजांना नावं मात्र मी दिली. टॅपेट वाजलं की "मोहरी तडतडतेय". कुठून हवा गळायला लागली की "कुकरची शिट्टी बसेना". आणि आत खोलवर ठकठक आली, की तो "खलबत्ता". खलबत्ता ऐकू आला की गाडी तिथल्या तिथं बंद करायची, नाहीतर इंजिन गेलंच म्हणून समजा. ही नावं ह्यांना इतकी आवडली की पुढं मेकॅनिकलाही तीच सांगायला लागले.

मध्यंतरी एकदा चहा घेऊन शेडमध्ये गेले. गाडी चालू होती आणि मोहरी अशी तडतडत होती की मला दारातूनच ऐकू आली. हे लाटणं कानाला लावून उभे. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, कशी लोण्यासारखी चाललीय!"

कप तिथल्याच डब्यावर ठेवला आणि घरात आले.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस सुकत चाललीय. मशीन बसवलं, पण त्यातून सगळ्याचा एकच कालवा होतो. "टॅपेट, पंखा, तू, सगळे एकदम अंगावर येता," म्हणाले आणि मशीन खणात गेलं. ओठ बघून थोडंफार कळतं त्यांना. पण भांडायचं कसं, सांगा? मी तावातावानं बोलावं आणि समोरच्यानं गोड हसावं! मेली भांडणातली चवच गेली. जिच्याशी बोलायला कोणी नाही अशी बाई झाले मी, भरल्या घरात.

ह्या वर्षी गणपती गेले आणि ह्यांनी सांगून टाकलं, "गाडी द्यायची. बहिऱ्यानं इंजिन सांभाळू नये. आत खलबत्ता सुरू होईल आणि मला पत्ताही नसेल. माझ्या हातून मरायला नको ती."

गिऱ्हाईकही ठरलं. विजयवाड्याच्या रस्त्यावर हॉटेल आहे त्याचं, भला माणूस. गाडी दारात ठेवणार होता, चाकं सिमेंटात पक्की करून, बॉनेटवर झेंडूच्या कुंड्या. लोक फोटो काढतील म्हणे. दसऱ्याला घेऊन जातो म्हणाला. हे "हो" म्हणाले आणि त्या दिवसापासून ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. शेडमध्ये जायचे, नुसते बसून यायचे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझं डोकं फिरलं. लाटणं उचललं, शेडमध्ये जाऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "करा चालू. मी ऐकते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला फोडणीतलं काय कळतं? गिळता ना रोज?"

कितीतरी दिवसांनी हसले. मग एकदम गंभीर झाले. "एक मात्र ऐक. खोटं सांगायचं नाही. मला बरं वाटावं म्हणून तर नाहीच नाही. तुझ्या कानावर गाडी चालवायची असेल, तर तो कान खरा पाहिजे."

इंजिनावरचं झाकण त्यांनी काढलं आणि गाडी चालू केली. पदर खोचून मी लाटणं टेकवलं. अगं आई! आत केवढा संसार चालला होता! मोहरी तर तडतडत होतीच. हे एकेका टॅपेटच्या फटीत पातळ पोलादी पत्ती सरकवायचे आणि माझ्याकडे बघायचे. आवाज आहे म्हणजे उघडा पंजा, गेला म्हणजे मूठ, असं ठरलं होतं. पंजा, पंजा, पुन्हा पंजा. तेलाचे शिंतोडे साडीवर उडत होते. एका फटीत पत्ती गेली आणि तडतड थांबली. मी मूठ आवळली. चोर सापडला!

गाडी बंद करून त्यांनी तो स्क्रू पिळला, पुन्हा चालू केली. मोहरी गेली होती. जवळजवळ गेली होती. एखादा दाणा राहून राहून फुटत होता. हे माझ्या हाताकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे. मूठ आवळायला माझं काय जात होतं? फार फार वाटलं आवळावी. पण मी पंजा उघडा धरला.

त्यांनी गाडी पुन्हा बंद केली, पुन्हा पिळलं, पुन्हा चालू. ह्या खेपेला खरंच काही नव्हतं. मी मूठ धरली. मग लाटणं खाली खाली नेत खलबत्ताही शोधला. तो कुठंच नव्हता.

खंडेनवमीला पाटावर पाने मांडले, हळदकुंकू वाहिलं. मधोमध लाटणं ह्यांनीच ठेवलं. त्या दिवशी अवजारांना हात लावायचा नसतो. गाडीचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जेवले मात्र पोटभर.

दसऱ्याला सकाळीच हॉटेलवाला आला, हातात जम्मीची, म्हणजे आपल्या शमीची, पानं, बरोबर ड्रायव्हर. "अम्मा, बंडी तयार?" बंडी म्हणजे त्याच्या भाषेत गाडी. मी त्याला घेऊन शेडमध्ये गेले. गाडी चालू होती. हे इंजिनावर वाकलेले आणि लाटणं कानाला नव्हतं, दातांत धरलेलं होतं.

"अहो, हे काय आता?"

त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले. "येतंय गं. दातांतून येतंय. ऐकू म्हणावं की नुसतं जाणवतं, कुणास ठाऊक. पण येतंय." मग गाडी बंद केली, लाटणं पुन्हा दातांत धरलं, दुसरं टोक माझ्या हनुवटीला लावलं आणि हातानं खूण केली, बोल.

जन्मभर ह्या माणसाशी बोलत आले, आणि आता एक शब्द फुटेना. हॉटेलवाला पानं घेऊन तसाच उभा. शेवटी मी म्हटलं, "गाडी द्यायची नाही."

हे हसले, आणि लाटणं माझ्या हनुवटीवर थरथरलं.