धर्मादाय घराचा कठडा

कॅनडातल्या ब्रॅम्पटन शहरातली गर्दी सोडून आम्ही ज्या लहान गावात राहायला आलो, तिथे एक बैठी दगडी इमारत आहे. इंग्लंडहून आलेल्या एका गिरणीमालकाने ती निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधली, आपल्या मूळ गावातल्या धर्मादाय घराच्या धर्तीवर. प्रत्येकाला एक खोली, पुढे सामाईक अंगण. आता ती संरक्षित वारसा आहे. संरक्षण दगडांना; आत राहणाऱ्यांनी आपलं बघावं.

शनिवारी मी तिथे जेवणाचे डबे पोचवायचे. टोकाच्या खोलीत एक इंग्रज बाई राहायची. निवृत्त नर्स, गुडघे कामातून गेलेले. हिवाळ्यात तिच्या दारापुढच्या पायऱ्यांवर बर्फ गोठायचा आणि धरायला काहीच नव्हतं. ती चक्क बसून, घसरत उतरायची.

"कठडा मागितलाय," ती म्हणाली. "वारसा समिती विचार करतेय."

हा विचार कसा करतात ते बघायला मी समितीच्या बैठकीला गेले. एका गृहस्थांनी खिडक्यांच्या रंगावर प्रवचन झोडलं, बाकीच्यांनी डोळे मिटून माना डोलावल्या. मग कठड्याचा विषय निघाला.

"दर्शनी भागाची शोभा जाईल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मूळ आराखड्यात कठडा नाही."

मी हात वर केला. "मूळ आराखड्यात वॉशरूमही नसेल. काढून टाकायची का?"

"तुम्ही गावात नवीन आहात," त्या गोड हसून म्हणाल्या. विषय संपला.

मी हे सगळं बाईला सांगितलं.

उन्हाळ्यात ती इमारत लोकांना दाखवायचा दिवस ठरला. त्या सकाळी मी गेले तर तिच्या दाराच्या कडीपासून अंगणातल्या दिव्याच्या खांबापर्यंत जाड दोरी ताणलेली, आणि दोरीवर तिच्या ऐसपैस अंतर्वस्त्रांचे जोड वाळत घातलेले. पाहुणे दर्शनी भाग सोडून त्यांचेच फोटो काढत होते. अध्यक्षबाई धावत आल्या.

"हे काय आहे?"

"कठडा," बाई शांतपणे म्हणाली. "रिकामा दिसत होता, म्हणून धुणं टाकलं."

फोटो गावभर फिरले. थंडी पडायच्या आत काळा लोखंडी कठडा बसला. तो म्हणे 'इमारतीच्या काळाला साजेसा' होता. अध्यक्षबाईंनी फीत कापली आणि ज्येष्ठांविषयीच्या आपल्या कळकळीवर भाषण सुरू केलं. ज्येष्ठ बाईला बोलावणंच नव्हतं. भाषण रंगात आलं असताना तिचं दार उघडलं. कठडा धरून ती सावकाश उतरली, अध्यक्षबाईंना "जरा बाजूला व्हा" म्हणाली आणि दूध आणायला निघून गेली.